चाकापुढची अंडी

"साहेब, गाडी निघत नाहीये," ड्रायव्हर फोनवर म्हणाला.

भिंगसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "का निघत नाही? बॅटरी उतरली?"

"नाही साहेब, बॅटरी ठणठणीत आहे."

"डिझेल संपलं?"

"टाकी भरलीये."

"मग टायर बसला म्हण की!"

"टायरला काही झालं नाही, साहेब. पण टायरच्या पुढे..." पलीकडे ड्रायव्हरने आवाज खाली आणला. "टायरच्या पुढे अंडी आहेत."

"अंडी?"

"टिटवीची. बरोब्बर पुढच्या चाकासमोर घातलीत तिने. चाक फिरलं की अंडी गेली."

भिंगसाहेबांनी डोळे मिटले. एखाद्या गवयाने लांबून आलेला सूर ओळखावा तसा त्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटला. खुर्च्यांच्या त्या कारखान्यात ते मॅनेजर झाल्यापासून एकही थाप त्यांच्या हातून निसटली नव्हती. कोणी आजारपणाची रजा मागितली की ते फोन करून आधी "जरा खोका बघू" म्हणत आणि खोकला खरा की घशातून काढलेला, हे ऐकून ठरवत. कोणाकडे पाहुणे आलेत म्हटलं की पाहुण्यांना फोनवर बोलवत. लोक त्यांना पाठीमागे भिंगसाहेब म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

त्यातून हा ड्रायव्हर म्हणजे मुलखाचा थापाड्या. एकदा इंजिनात मांजर व्याली म्हणून तो दुपारपर्यंत आला नव्हता. एकदा गाडीची चावी बोकडाने गिळली होती, आणि चावी परत मिळेपर्यंत बोकडाच्या मागे मागे फिरावं लागलं होतं. म्हणजे तसं त्याचं म्हणणं होतं.

"हे बघ," भिंगसाहेब गोड आवाजात म्हणाले. हा आवाज ऐकला की कारखान्यात लोक रचून आणलेली कारणं विसरत. "आज संध्याकाळी त्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे. तिथल्या सगळ्या खुर्च्या तुझ्या गाडीत आहेत. मालक स्वतः सकाळपासून तिथे जाऊन बसलेत. लोकांनी काय उभं राहून भाषणं ऐकायची?"

"कळतंय साहेब, पण आई ऐकत नाहीये. आणि टिटवी तर त्याहून ऐकत नाहीये."

"मी येतो," भिंगसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी ड्रायव्हरच्या घरी उभी होती, त्यात भिंगसाहेबांचाच हात होता. कारखान्याच्या आवारात काँक्रीट टाकायचं काम निघालं, तेव्हा भरलेली गाडी आठवडाभर तुझ्या अंगणात लाव, असं त्यांनीच सांगितलं होतं. आता त्यांना त्यातही कावा दिसू लागला. काँक्रीटची कल्पना मुळात कोणी काढली होती?

"अकाउंटंटबाई, स्कूटर काढा," ते म्हणाले. "साक्षीदार हवा मला."

अकाउंटंटबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "कशाला साक्षीदार?"

"आज त्याला रंगेहाथ पकडायचाय. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई. गाडी कोणाच्या तरी सामानाला भाड्याने दिली असणार. घरी असेलच कशाला ती!"

पण गाडी घरीच होती.

ड्रायव्हरचं घर बैठं होतं आणि पुढे बऱ्यापैकी बाग होती. फाटकातून आत खडी अंथरलेली एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला टोमॅटोचे वाफे, दुसऱ्या बाजूला पाण्याचा सिमेंटचा हौद. त्या पट्टीवर गाडी मागे मागे आणून पार घराच्या भिंतीला टेकवलेली. मागचं दार उघडायलाही जागा नव्हती. गाडी हलायची तर सरळ पुढेच हलणार. फाटकात ड्रायव्हरची आई हातात काठी घेऊन उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच बसलीये ती."

"कोण बसलीये?"

"बाळंतीण," म्हातारी म्हणाली.

भिंगसाहेब तिला वळसा घालून आत शिरले. खडीवर बूट करकरले. गाडीच्या पुढच्या चाकासमोर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तिथे बाळंतीणही नव्हती आणि अंडीही नव्हती. होती ती नुसती खडी.

"कुठायत अंडी?"

"साहेब, पाय उचलू नका!" ड्रायव्हर हौदामागून ओरडला. "ती काय, तुमच्या बुटासमोर!"

"हे खडे आहेत."

"अंडी आहेत, साहेब. रंगच तसा आहे त्यांचा."

"वा! खड्यांच्या रंगाची, खड्यांच्या आकाराची, खड्यांत ठेवलेली अंडी! आणि अंडी घालणारी कुठाय? तीही खड्यासारखीच दिसते का?" भिंगसाहेब विजयी मुद्रेने अकाउंटंटबाईंकडे वळले. "बघा बाई, लिहून ठेवा. गाडी थांबवण्याचं कारण, खडे."

मग खात्री करून घ्यावी म्हणून ते वाकले. वाकले आणि तसेच राहिले. चार खडे जरा जास्तच गुळगुळीत होते, त्यांची टोकं एकमेकांकडे वळलेली होती आणि त्यांच्यावर काळपट ठिपके होते. त्यातल्या एकाला त्यांनी बोट लावायला हात पुढे केला, तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कडाडलं.

"टिटिव्! टिटिव्! टिटिटिटिव्!"

काळं, पांढरं आणि तपकिरी असं काहीतरी कानाला घासून गेलं. भिंगसाहेबांचा चष्मा टोमॅटोत उडाला. त्यांनी मान वर केली, तर लांब पिवळ्या पायांचा एक पक्षी आकाशात गिरकी घेऊन पुन्हा त्यांच्यावर झेपावत होता. ते बसल्या बसल्याच मागे सरकले आणि थेट हौदापाशी येऊन ड्रायव्हरशेजारी दडले.

"हा नर आहे," ड्रायव्हरने ओळख करून दिली. "सकाळपासून असंच चाललंय. कोणाला वाकू देत नाही. मला तर टोपी घालायची सवय नाही, डोक्याची चाळणी झाली."

भिंगसाहेबांचा श्वास जरा ताळ्यावर आला. मग डोळे बारीक झाले. "कधीपासून पाळलायस?"

"काय?"

"हा पक्षी. तू बोट दाखवलंस आणि तो माझ्यावर आला. शिकवलाय तू त्याला!"

"साहेब," ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "घरात माझं कुत्रं माझं ऐकत नाही, बायको ऐकत नाही. आकाशातलं पाखरू कशाला ऐकेल?"

अकाउंटंटबाईंनी टोमॅटोतून चष्मा काढून त्यांना दिला, एवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन वाजला. मालक होते. खुर्च्या अजून का आल्या नाहीत, मॅनेजर फोन का उचलत नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत त्या आल्या नाहीत तर उद्यापासून मॅनेजरने स्वतःसाठी दुसरीकडे खुर्ची बघावी, असं त्यांचं म्हणणं बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. भिंगसाहेबांच्या कपाळावर घाम आला.

"बाई, सुपली आणा," ते उठत म्हणाले. "अंडी उचलून बाजूला ठेवू."

"खबरदार!" म्हातारीची काठी फाटकावर आपटली. "जागा हलली की आई ओळखत नाही त्यांना. जीव जायचा चौघांचा. माझ्या दारात हे पाप नको."

"मग गाडी टोमॅटोतून काढू."

"टोमॅटोला हात लावून तर बघा!"

भिंगसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मायलेकरांची ही मिलीभगत आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. बाहेर पडलेली कचऱ्याची सुपली त्यांनीच उचलली, दुसऱ्या हाताने डोक्यावर बादली पालथी धरली आणि शिरस्त्राण घातलेल्या सरदारासारखे ते चाकाकडे निघाले. बादलीवर नराच्या पंखांचे फटके बसू लागले. ठण्ण, ठण्ण. पण गडी मागे हटला नाही.

आणि मग त्यांना ती दिसली.

चाकापासून जरा पलीकडे, वाफ्याच्या कडेला, दुसरी टिटवी पडली होती. एक पंख पसरून मातीत लोळत होता. ती उठायचा प्रयत्न करी, दोन पावलं टाके आणि कलंडे. डोळ्यापुढची लाल कातडी थरथरत होती, आणि आवाज तर असा, की ऐकणाऱ्याचं काळीज चिरत जावं.

भिंगसाहेबांच्या हातातली सुपली खाली आली.

"अरेरे," ते म्हणाले. कारखान्यात त्यांच्या तोंडून हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. "अरे, हिचा पंख मोडलाय!"

"साहेब," अकाउंटंटबाई फाटकातून म्हणाल्या, "मगाशी तर चांगली असणार. नाटक करत असेल."

भिंगसाहेब गर्रकन वळले. बादली एका कानावर घसरली होती. "बाई, लाज वाटायला हवी! मुका जीव तडफडतोय आणि तुम्हाला नाटक सुचतंय? खरं दुखणं आणि खोटं दुखणं मला कळत नाही? हयात गेली माझी त्यात!" मग ते ड्रायव्हरवर घसरले. "तूच गाडी घातली असशील हिच्या अंगावर. आणि वर मला अंड्यांच्या गोष्टी सांगतोस!"

त्यांनी बादली फेकली, खिशातला रुमाल काढून दोन्ही हातांत पसरला आणि "ये बाळा, ये," करत ते पाखराकडे सरकले. पाखरू त्यांच्या हाताच्या टप्प्यात आलं आणि त्याच क्षणी फडफडत वीतभर पुढे गेलं. ते आणखी वाकले. पाखरू आणखी वीतभर पुढे गेलं. असं करत करत मॅनेजर आणि टिटवी टोमॅटोच्या वाफ्यातून आरपार गेले. म्हातारीने "माझे टोमॅटो!" म्हणून हंबरडा फोडला. पण भिंगसाहेबांच्या कानात आता टिटवीच्या कण्हण्याखेरीज दुसरा आवाज शिरत नव्हता. ते घराला वळसा घालून गेले, परसातल्या दोरीवरच्या चादरींतून गेले आणि कुंपणाला एक भगदाड होतं त्यातून पोटावर सरपटत पलीकडे गेले. वरून नर ओरडत, झेपावत त्यांच्या मागोमाग गेला.

"घाबरू नकोस," भिंगसाहेब हळुवारपणे म्हणत होते. "दवाखान्यात नेतो तुला. पट्टी बांधू. आराम कर चांगला पंधरा दिवस..."

पुढे वाळक्या पानांचा एक मऊ गालिचा होता. टिटवी त्यावरून तुरुतुरु गेली. भिंगसाहेबांनी त्यावर पाय टाकला आणि कमरेपर्यंत आत गेले.

तो शेजारच्या बंगल्यातला खताचा खड्डा होता. चांगला मुरलेला.

टिटवीने मागे वळून पाहिलं. भिंगसाहेब आता कुठे येत नाहीत अशी तिची खात्री पटली असावी. तिने तो मोडका पंख झटकला, नीट घडी घालून अंगाशी लावला, मग दोन्ही पंख उघडले आणि भुर्रकन त्यांच्या डोक्यावरून उडून गेली.

भिंगसाहेब तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. अंगाला लागलेल्या शेणखताचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच होतं. इतक्या वर्षांत त्यांनी इतकी माणसं खोटी ठरवली होती आणि एका वीतभर पाखराने...

"हात वर!" मागून आवाज आला.

बंगल्याच्या पायरीवर एक वृद्ध बाई झाडांना पाणी घालायचा पाइप रोखून उभी होती. ही निवृत्त मुख्याध्यापिका होती, आणि तिच्या बागेतले गुलाब रोज कोणीतरी तोडून नेत असल्यामुळे गेले कित्येक दिवस ती याच क्षणाची वाट बघत होती.

"हात वर केले तर मी आणखी आत जाईन," भिंगसाहेब म्हणाले.

"नाव नको सांगू, काम सांग. माझ्या बागेत काय करत होतास?"

"पक्ष्याच्या मागे आलो होतो. त्याचा पंख मोडला होता."

"कुठाय पक्षी?"

"उडाला."

मुख्याध्यापिकेने पाइप जरा उंच केला. "पंख मोडलेला पक्षी उडाला?"

"मोडला नव्हता. मोडल्यासारखं करत होता तो."

"कशाला?"

"मला अंड्यांपासून लांब न्यायला."

"आणि तू अंडी चोरत होतास."

"चोरत नव्हतो! गाडी काढायची होती. गाडीत खुर्च्या आहेत. कुंपणापलीकडे विचारा हवं तर, मी त्या ड्रायव्हरचा साहेब आहे!"

मुख्याध्यापिकेने कुंपणाकडे तोंड करून हाक मारली. "अहो, हा खड्ड्यातला माणूस तुमच्याकडचा का?"

पलीकडून म्हातारीचा ठणठणीत आवाज आला, "टोमॅटो तुडवणारा आमच्याकडचा कोणी नाही!"

त्यानंतर भिंगसाहेबांची जी उलटतपासणी झाली, तशी त्यांनीही कधी कोणाची घेतली नव्हती. कोणता पक्षी, कोणत्या बाजूचा पंख, मान कुठे वळवली होती, आवाज कसा काढत होता, काढून दाखव. भिंगसाहेबांनी खड्ड्यात उभं राहून टिटवीचा आवाज काढून दाखवला. एकदा मन लावून काढला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावला. मध्येच खिशातला फोन खतात सुळकन गेला आणि तिथेच वाजत वाजत बंद पडला. ते खरं सांगत होते. प्रत्येक शब्द खरा होता. आणि जितकं खरं सांगावं तितकं ते जास्त खोटं वाटत होतं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं.

शेवटी बाईने पाइप खाली केला.

"ये वर," ती म्हणाली.

"पटलं तुम्हाला?"

"चोर असतास तर याहून बरं कारण दिलं असतंस. शाळेत मी हजारो थापा ऐकल्यात. इतकी बिनडोक थाप कोणी रचत नाही. हे खरंच असणार." आणि तिने पाइपचं पाणी सोडून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढलं.

निथळत निथळत भिंगसाहेब रस्त्याने वळसा घालून ड्रायव्हरच्या फाटकाशी आले. बघतात तो खडीवर गाडी नव्हती. चाकं जिथे होती त्याच्या पुढे, चार विटा आणि दोन जाड फळ्यांचा एक बुटका पूल होता. पुलाखाली चारी अंडी सुखरूप होती, आणि त्यांच्यावर ती बसली होती. दोन्ही पंख नीट मिटलेले. तिने भिंगसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"गेली गाडी," अकाउंटंटबाई स्कूटरला टेकून उभ्या होत्या. "विटा लावायची कल्पना सकाळपासून होती ड्रायव्हरच्या डोक्यात. पण ते दोघं कोणाला जवळ येऊ देत नव्हते. तुम्ही दोघांनाही मागे लावून इतके लांब गेलात, म्हणून जमलं. फार हुशारीने नेलंत हो, साहेब."

भिंगसाहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बाई हसत नव्हत्या. पण न हसण्यासाठी त्यांना जरा कष्ट पडत असावेत असा संशय त्यांना आला.

"आत्ता मात्र एक काम करा," बाई म्हणाल्या. "मालकांनी तुम्हाला सभागृहावर ताबडतोब बोलावलंय."

सभागृहात खुर्च्या उतरत होत्या. ड्रायव्हर ओळी लावत होता. मालकांनी भिंगसाहेबांना दारातच गाठलं.

"कुठे होतात तुम्ही? फोन बंद. ऑफिसात नाही. आणि हे कपडे? नदीत पडलात का?"

भिंगसाहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. "साहेब, त्याचं असं झालं, एक टिटवी..." आणि ते थांबले. मालकांच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या होत्या. एक भुवई वर गेली होती. ओठांवर एक गोडसं हसू येऊ घातलं होतं. तो चेहरा भिंगसाहेबांच्या चांगला ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना तो त्यांना आरशात दिसत असे.

"...टिटवी म्हणजे, ते जाऊ द्या," ते घाईघाईने म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप गालावर गेला. "दाढ, साहेब. सकाळपासून असह्य कळा मारतायत. काही सुचेना. सारखं पाणी मारत होतो तोंडावर. तरी म्हटलं, आधी खुर्च्या पोचल्या पाहिजेत."

आयुष्यातली पहिलीच थाप होती. बसेल की नाही याची धाकधूक होती.

मालकांचा चेहरा लोण्यासारखा वितळला. "अरे देवा! दाढ? आधी नाही का सांगायचं? दाढेचं दुखणं काय असतं ते मला विचारा! आणि अशा अवस्थेत तुम्ही कामावर?" त्यांनी भिंगसाहेबांचा दंड धरला. "चला. माझ्या मेव्हण्याचा दवाखाना इथेच समोर आहे. दातांचा एक नंबर डॉक्टर."

"नको साहेब, आता बरं वाटतंय..."

"काही बोलू नका! बोलू नका! वारा लागेल."

पाचव्या मिनिटाला भिंगसाहेब दवाखान्याच्या खुर्चीत उताणे होते. मालकांनी "माझा खास माणूस आहे, नीट बघ" असं बजावलं आणि ते उद्घाटनाला निघून गेले. डोक्यावर दिवा लागला. मेव्हण्यांनी हातमोजे चढवले, मुखपट्टी वर ओढली, आणि तिच्यावर फक्त दोन बारीक डोळे उरले.

"कोणती दाढ?"

"डॉक्टर," भिंगसाहेब उठून बसायला बघत म्हणाले, "खरं सांगू का? माझी कोणतीच दाढ दुखत नाहीये."

डॉक्टरांनी त्यांना हलकेच पुन्हा आडवं केलं. "नाही ना दुखत?"

"अजिबात नाही! देवाशपथ. ती मी थाप मारली होती."

डॉक्टर जरासे हसले आणि ट्रेमधून एक चिमटा उचलून दिव्याखाली निरखू लागले.

"या खुर्चीत बसलं ना, की सगळ्यांचीच दाढ दुखायची थांबते," ते म्हणाले. "कोणी म्हणतं बरं वाटलं, कोणी म्हणतं गंमत केली. वीस वर्षं मी हेच ऐकतोय, साहेब. मी नाही फसत."

भिंगसाहेबांनी त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं. तिथे आता काही बोलून उपयोग नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

त्यांनी मुकाट्याने आ केला.